नाव नको म्हणणाऱ्या सरदाराचे सहा कॉन्चेर्टो

आत्ता मागे जे वाजतंय ते जरा नीट ऐका. चार व्हायोलिन आहेत, आणि चौघांनाही स्वतंत्र काम आहे, कोणी नुसतं साथीला बसलेलं नाही. त्यांच्याखाली व्हायोला, चेलो आणि अगदी तळाशी हार्प्सिकॉर्डचा, म्हणजे पियानोआधीच्या एका कळांच्या वाद्याचा, आधार, म्हणजे एकूण सात ओळी एकाच वेळी चालल्यात. हे संगीत १७४० साली हॉलंडमधे, हेग शहरात छापलं गेलं. सहा कॉन्चेर्टोंचा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनांचा संच, नाव 'कॉन्चेर्टी आर्मोनिची'. छापलेल्या प्रतीवर एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे संगीतकाराचं नाव.

नाव होतं ते कार्लो रिच्चोत्तीचं. हा हेगमधे राहणारा इटालियन व्हायोलिनवादक, लोक त्याला बाच्चिच्चा म्हणायचे. त्याने हा संच कोरून छापून घेतला आणि काउंट विलेम बेंटिंक नावाच्या बड्या माणसाला अर्पण केला. (हे बेंटिंक घराणं आपल्याला अगदीच अनोळखी नाही, १८२९ मधे सतीची चाल बंद करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक याच घराण्यातला.) आता कव्हरवर एकच नाव आणि ते वादकाचं, म्हटल्यावर लोकांनी साहजिकच धरून चाललं की रचनाही त्याचीच असणार. १७५५ मधे लंडनच्या जॉन वॉल्शने हे सहा कॉन्चेर्टो पुन्हा छापले तेव्हा सरळ रिच्चोत्तीच्या नावावर छापले.

इथवर ठीक होतं. खरा घोळ पुढे झाला.

जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेसी, इटालियन संगीतकार. १७१० चा जन्म, नेपल्समधे नाव कमावलं आणि १७३६ मधे नेपल्सजवळच्या पोत्सुओलीला क्षयाने गेला, वय फक्त २६. शेवटच्या दिवसांत लिहिलेलं चर्चसंगीत 'स्ताबात मातेर' आणि त्याआधीचं छोटं विनोदी ऑपेरा 'ला सेर्वा पाद्रोना', या दोन गोष्टींनी तो मेल्यावर सगळ्या युरोपात इतका गाजला की त्याच्या नावाच्या संगीताची मागणी संपेना. पण माणूस तर गेलेला, नवीन काही येणार कुठून? मग प्रकाशक आणि नकलनवीस, ज्यांचं पोट कॉपी विकण्यावर चालायचं, त्यांनी इतरांच्या वह्यांवर पेर्गोलेसीचं नाव टाकायला सुरुवात केली. सगळ्यांनीच फसवायला केलं असं मी म्हणणार नाही, काही जणांना खरंच वाटलं असेल की एवढं चांगलं आहे म्हणजे त्याचंच असणार. आपल्याकडे गाथेत किती अभंगांच्या शेवटी 'तुका म्हणे' आलं आणि त्यातले कुठले प्रक्षिप्त यावर अभ्यासक अजून भांडतात, तसंच काहीसं हे.

तर या सहा कॉन्चेर्टोंची एक हस्तलिखित प्रत आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे आहे. ती एकेकाळी फ्रान्चिशेक लेसेल नावाच्या पोलिश संगीतकाराकडे होती, हा हायडनचा शिष्य. त्याने त्यावर लिहून ठेवलं की रचना पेर्गोलेसीची. झालं! एका जाणत्या माणसाने लिहिलंय म्हटल्यावर पुढच्यांनी ते उचललं, आणि विसाव्या शतकात, १९३९ नंतरच्या काही वर्षांत, रोममधे पेर्गोलेसीच्या समग्र रचनांची आवृत्ती निघाली तेव्हा त्यात हे सहाही कॉन्चेर्टो जाऊन बसले. त्या आवृत्तीत दीडशेच्या घरात रचना आहेत आणि आज खात्रीने पेर्गोलेसीच्या म्हणता येतील अशा त्यातल्या थोड्याच.

याचा सगळ्यात मोठा परिणाम झाला तो पॅरिसमधे, आणि तोही ही आवृत्ती निघायच्या आधीच. पहिल्या महायुद्धानंतर रशियन बॅलेचा संचालक दियागिलेव जुन्या इटालियन संगीताच्या वह्या घेऊन स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराकडे आला, म्हणाला हे पेर्गोलेसीचं आहे, यातून बॅले कर. १५ मे १९२० ला 'पुल्चिनेल्ला' पॅरिस ऑपेरात उभं राहिलं, नेपथ्य आणि पोशाख पिकासोचे, नृत्य मासीनचं. पोस्टरवर, कार्यक्रमपत्रिकेत सगळीकडे पेर्गोलेसी. आता गंमत नाही, खरंच सांगतो, त्या बॅलेची सुरुवातच दोमेनिको गाल्लो नावाच्या दुसऱ्या माणसाच्या ट्रायो सोनाटावर उभी आहे. गाव्होता म्हणून जो भाग आहे तो कार्लो इग्नात्सिओ मोन्झाचा. आणि त्यातली ती वेगवान तारांतेल्ला, जी ऐकून पाय आपोआप हलायला लागतो, ती आपल्या या सहा कॉन्चेर्टोंपैकी दुसऱ्यातली, बी फ्लॅट मेजरमधल्या, शेवटच्या भागातली. म्हणजे स्ट्राविन्स्कीने नव्या काळातलं एक महत्त्वाचं काम ज्याच्या आधाराने केलं त्यातल्या काही माणसांची नावं ना त्याला माहीत होती ना दियागिलेवला.

शंका घेणारे होते, हे सांगायला हवं. इंग्लंडच्या चार्ल्स कडवर्थने १९४९ मधेच पेर्गोलेसीच्या नावावरच्या वाद्यसंगीताची झाडाझडती घेतली होती. आणि कान देऊन ऐकलं तर शंका येतेच. पेर्गोलेसी नेपल्सचा, त्याची सुरावट हलकी, गाणाऱ्याच्या गळ्यातून आल्यासारखी, वर एक सूर आणि खाली साधी साथ. या कॉन्चेर्टोंची बांधणी मात्र जुन्या रोमन वळणाची आहे, संथ-जलद-संथ-जलद असे चार भाग, आणि दुसऱ्या भागात तर काही ठिकाणी चर्चमधल्या गायनासारखी एकमेकांत गुंफलेली आवाजांची वीण, जिथे एक व्हायोलिन काही म्हणतं आणि दुसरं तेच थोड्या उशिराने म्हणत मागून येतं. असं लिहायला खूप सवड लागते, चिकाटी लागते. सव्विसाव्या वर्षी गेलेल्या, ऑपेराच्या धावपळीत जगलेल्या मुलाने हे कधी लिहिलं असेल? बरं त्याचं नाही तर मग कोणाचं? हेंडेलपर्यंत नावं सुचवून झाली. कोणाचंच नाव नीट बसत नव्हतं.

१९७९. हॉलंडच्या पूर्वेला, ओव्हरआइसेल प्रांतात डेल्डेन गावाजवळ ट्विकेल नावाचा जुना वाडा आहे, चारी बाजूंनी खंदक असलेला. संगीताचे अभ्यासक आल्बर्ट डनिंग यांना तिथे या सहा कॉन्चेर्टोंचा हस्तलिखित स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली प्रत, मिळाला. स्कोअर कोणा नकलनवीसाच्या हातचा, पण त्याला जोडलेली फ्रेंचमधली प्रस्तावना वाड्याच्या जुन्या मालकाच्या हातची. सुरुवातीलाच लिहिलंय की हा श्री. रिच्चोत्ती यांनी कोरून घेतलेल्या 'माझ्या' कॉन्चेर्टोंचा स्कोअर आहे.

माझ्या. अडीचशे वर्षांचं कोडं त्या एका शब्दात सुटलं.

मालकाचं नाव उनिको विल्हेल्म फान वासेनार. १६९२ मधे याच ट्विकेलला जन्म, १७६६ मधे हेगला मृत्यू. आजोबा डच आरमाराचे प्रमुख, १६६५ मधे इंग्रजांशी लढताना जहाजासकट गेले. वडील सैन्यात सेनापती. हा स्वतः डच प्रजासत्ताकाचा मुत्सद्दी, परदेशी दरबारांत वाटाघाटी करणारा.

प्रस्तावनेत त्याने सगळं सविस्तर सांगितलंय, आणि मला ते पान या सगळ्या गोष्टीतलं सर्वात मोलाचं वाटतं. तो लिहितो की हे कॉन्चेर्टो १७२५ ते १७४० या काळात वेगवेगळ्या वेळी झाले. एकेक तयार झाला की तो हेगमधल्या बैठकीत घेऊन जायचा, तिथे तो, बेंटिंक आणि काही परदेशी मंडळी मिळून वाजवायची. पहिलं व्हायोलिन रिच्चोत्तीकडे. त्याला नक्कल करून घ्यायची परवानगीही दिली. सहाही पूर्ण झाल्यावर रिच्चोत्ती म्हणाला छापूया. वासेनार नाही म्हणाला. मग रिच्चोत्तीने बेंटिंकला मधे घातलं, बेंटिंकने फारच आग्रह धरला तेव्हा कुठे हा तयार झाला, पण अट घातली की माझं नाव प्रतीवर कुठेही येता कामा नये, तुझं टाक. रिच्चोत्तीला निदान अर्पणपत्रिका तरी याच्या नावे करायची होती, त्यालाही साफ नकार. शेवटी बेंटिंक म्हणाला की मग मलाच अर्पण कर. म्हणजे १७४० च्या त्या कव्हरमागे काय काय घडलं ते इथे कळतं.

नाव का नको होतं? त्या काळी उमरावाने वाद्य वाजवावं, घरच्या बैठकीसाठी लिहावं, हे शोभायचं. पण नाव टाकून दुकानात विकायला ठेवणं म्हणजे धंदा, आणि धंदा रिच्चोत्तीसारख्यांनी करायचा. हे एक कारण मला दिसतं. दुसरं कारण त्याच पानावर आहे. तो स्वतःच्या कॉन्चेर्टोंबद्दल लिहितो की काही बरे आहेत, काही मध्यम, काही अगदीच टाकाऊ, छापले नसते तर कदाचित चुका दुरुस्त केल्या असत्या, पण इतर कामांतून सवड मिळाली नाही आणि शिवाय छापणाऱ्याला वाईट वाटलं असतं.

हे वाचून मला त्या माणसाबद्दल फार आपलेपणा वाटला. जगाला नाव सांगायचं नाही, पण घरी एक प्रत ठेवायची आणि तिच्यावर हे माझं आहे एवढं लिहून ठेवायचं.

आता नावांचा हा घोळ उलट्या दिशेनेही होतो, आणि तिथे हेतू इतका भला नसतो. व्हेनिसचा नकलनवीस इझेप्पो बाल्दान ड्रेस्डेनच्या दरबाराला चर्चसंगीत पुरवायचा. ड्रेस्डेनला हवा होता संगीतकार गालुप्पी, कारण त्याची चलती होती. व्हेनिसचाच संगीतकार व्हिवाल्डी १७४१ मधे व्हिएन्नात वारला होता आणि लोक त्याला विसरत चालले होते. बाल्दानने व्हिवाल्डीच्या काही रचना गालुप्पीच्या नावाने पाठवून दिल्या. त्यातलं एक 'दिक्सित दोमिनुस' २००५ मधे ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासक जॅनिस स्टॉकिग्ट यांनी ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात ओळखलं. तिथे कबुलीचं पान वगैरे काही नव्हतं, फक्त संगीत होतं. व्हिवाल्डीच्या इतर रचनांमधले तुकडे त्यात जसेच्या तसे भेटले आणि नाव पक्कं झालं. अडीचशे वर्षं एका कपाटात, चुकीच्या नावाखाली! आज ज्याच्या नावावर हॉल भरतात त्याची ही गत.

वासेनारकडे परत येतो. १९८० मधे डनिंग यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं आणि त्यानंतर निघालेल्या रेकॉर्डिंगवर त्याचं नाव यायला लागलं. पण जुन्या तबकड्यांवर पेर्गोलेसीच आहे आणि त्याच रेकॉर्डिंग आता ऑनलाइन चढवल्या गेल्यात, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. काही जण म्हणतात की पेर्गोलेसी नाही म्हटल्यावर यांची किंमत उतरली. का उतरावी? स्वर तर एकही बदललेला नाही. उलट मला तर जास्त नवल वाटतं की दिवसभर तह आणि राजकारण करणारा माणूस पंधरा वर्षांत सवड काढून फक्त सहाच कॉन्चेर्टो लिहितो आणि ते इतके घट्ट विणलेले असतात.

त्यातले टाकाऊ कोणते ते त्याने सांगितलेलं नाही. पाचवा, एफ मायनरमधला, त्यात नक्की नसावा असं माझं ठाम मत आहे. तुम्ही तिथूनच सुरुवात करा, हेडफोन लावून, आणि चौथं व्हायोलिन कुठे काय करतंय तिकडे लक्ष ठेवा.