हुकूम दवंडीनं, माघार मुकाट्यानं

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'लशीची सक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्य'. साडेसहाचं व्याख्यान लाइट नसल्यामुळं सव्वासातला सुरू होतंय. म्हणजे आपल्याकडं स्वातंत्र्यावर बोलायचं तरी आधी लाइटची परवानगी लागते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या गावात भलतंच पसरेल. मी कोरोनाच्या लशीच्या विरोधातला माणूस नाही. दोन्ही डोस घेतले, बूस्टरही घेतला. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते, माझ्या नातवंडांना देवी हा रोग म्हणून माहीतच नाही. ते कशामुळं, हे कळण्याइतकी अक्कल वकिली करूनही शिल्लक आहे. माझी तक्रार सरकार हुकूम कसा काढतं याबद्दल आहे, आणि तो मागं कसा घेतं याबद्दल जास्त.

नोव्हेंबर २०२१ आठवा. आपला जिल्हा, तेव्हाचा औरंगाबाद, लसीकरणात राज्यातल्या ३६ जिल्ह्यांत २६ वा. राज्यात पहिला डोस घेतलेले ७४ टक्के, आपल्याकडं ५५. राज्याचे आरोग्यमंत्री शेजारच्या जालन्याचे, ऑक्टोबरात 'मिशन कवच कुंडल' ही लसीकरण मोहीम होऊन गेलेली, तरी आकडा काही हलेना. मग जिल्हा प्रशासनानं आदेश काढला, किमान एक डोस घेतल्याचं सर्टिफिकेट असेल तरच पेट्रोल, गॅस आणि कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, धान्य. वेरूळ-अजिंठ्यालाही तीच अट होती, पण तिकडं आपण पाहुणे आल्याशिवाय जातो कधी?

त्या आठवड्यात मी स्कूटर घेऊन पंपावर गेलो. रांग रस्त्यापर्यंत. पंपाच्या खांबाला फ्लेक्स, 'लस नाही तर पेट्रोल नाही'. मी निवांत, कारण माझ्याकडं सर्टिफिकेट होतं, चांगलं लॅमिनेट करून घेतलेलं. पोरानं ते हातात घेतलं, वर केलं, उन्हात धरलं. म्हणाला, "काका, ह्याच्यात तर बाई लिवलंय."

खरंच होतं. नाव माझं, वय माझं, लिंगाच्या रकान्यात 'फीमेल'. केंद्रावर कुणीतरी घाईत भलत्या ठिकाणी बोट दाबलं असणार. मी म्हणालो, बाबा, नाव बघ, वय बघ, आधारचे शेवटचे चार आकडे बघ. तो म्हणाला, "ते समदं बरोबर हाय, पण मालक ओरडायलेत." मागून एकजण ओरडला, "अरे, टाक की! बाईला काय पेट्रोल लागत नाही का?" सगळी रांग हसली. माझी सौभाग्यवती हे ऐकून अजून हसते, ती मागं बसलीय, बघा.

(हशा)

हसा, पण पुढचं ऐका. माझ्या मागं एक शेतकरी होता, हातात पाच लिटरचा कॅन. त्याच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं. त्यानं पुढच्याला खूण केली, पुढच्यानं आपला मोबाईल मागं दिला. पोरानं स्क्रीनकडं बघितलं, सर्टिफिकेटवरचा पंतप्रधानांचा फोटो दिसला, नळी कॅनमध्ये गेली. क्यूआर कोड कुणी स्कॅन केला नाही, नाव कुणी वाचलं नाही. तेवढ्या वेळात एका मोबाईलवर तीन गाड्या भरल्या. शेवटी मी त्या पोराला विचारलं, "तू घेतली का रे लस?" तो म्हणाला, "पंपावाल्याला कोन इचारतंय, काका?"

आता सांगा, या सगळ्यात नेमकी सक्ती कशाची झाली? दंडात सुई गेली की नाही, याची चौकशी कुणीच करत नव्हतं. कागद दिसला की काम झालं. तरीही केंद्रांवरच्या रांगा वाढल्या, हे मी नाकारत नाही. ज्यांना अडून बसायचं होतं त्यांनी मोबाईल उसने घेतले. रांगेत जाऊन उभे राहिले ते ज्यांचं पोट कंट्रोलच्या दुकानावर आहे ते.

आमच्याकडं धुण्याभांड्याला मावशी येतात. त्यांना मी विचारलं, मावशी, कामून घेतली नाही लस? त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, भीती कसली आलीय? सुई घेतली की दोन दिस ताप येतोय. कापसाची येचणी चालू हाय. दोन दिसाची मजुरी तुमी देता का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांना लशीचे फायदे समजावणाऱ्या गाड्या गावात फिरल्या, भोंग्यावर गाणी वाजली. बुडालेल्या मजुरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मे महिन्यात लोक पहाटेपासून रांगेत उभे होते तेव्हा लस नव्हती, ते वेगळंच.

आणि धान्य म्हणजे काही कलेक्टर कचेरीची मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो हा हक्क दिलाय. संसदेनं दिलेला हक्क जिल्ह्याच्या एका पत्रानं अडवता येतो का? ही चर्चा आम्हा वकिलांच्या बार रूममध्ये व्हायला हवी होती. आम्ही तेव्हा कोर्ट ऑनलाइन की ऑफलाइन यावर भांडत होतो.

(अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करावा लागेल.)

तर स्वातंत्र्य. भराभर सांगतो. अमेरिकेत जेकबसन नावाच्या माणसानं देवीची लस नाकारली, पाच डॉलर दंड झाला, १९०५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं दंड कायम केला. म्हणजे साथीत सरकारला काहीच करता येत नाही, असं नाही. ऑस्ट्रियानं फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळ्या प्रौढांना लस सक्तीची केली, ३६०० युरोपर्यंत दंड ठेवला, मार्चमध्ये कायदा स्थगित केला आणि उन्हाळ्यात रद्दच केला.

आपल्याकडं २ मे २०२२ ला लससक्तीविरुद्धच्या जेकब पुलियल खटल्यात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती गवई यांनी निकाल दिला. घटनेच्या कलम २१ प्रमाणे स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क आहे, कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, ते प्रमाणात असले तर. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो, असा आकडा सरकारांनी कोर्टापुढं ठेवला नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणाबाहेर ठरले. रुग्णसंख्या कमी असेपर्यंत ते मागं घ्या, असं कोर्टानं सुचवलं. केंद्राचं लसीकरण धोरण मात्र चुकीचं ठरवलं नाही. व्हॉट्सअपवर फिरला तो अर्धाच निकाल.

त्याआधी मुंबईत लोकलचं झालं. आपल्याकडं लोकल म्हणजे काळीपिवळी, तिच्यात सर्टिफिकेट सोडा, बसायला जागा कुणी विचारत नाही. पण तिथं दोन डोसची अट होती. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीला बाजूला ठेवून एकट्या मुख्य सचिवांच्या सहीनं काढलेले ते आदेश कायद्यात बसत नाहीत, असं फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं सुनावलं. सरकारनं आदेश मागं घेतले आणि १ मार्चच्या नव्या नियमांत तीच अट परत घातली. शेवटी पाडव्याच्या तोंडावर सगळेच निर्बंध उठले.

माझं म्हणणं एवढंच, की हुकूम काढताना भोंगा, फ्लेक्स, पत्रकार परिषद, आणि उठवताना कुठंतरी एक परिपत्रक. पंपावरचा तो फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत लटकत होता. कंट्रोलवर ज्याला परत पाठवलं, त्याला 'ये, तुझा हक्क होता' असं सांगायला कुणी गेलं नाही. सक्तीच्या प्रत्येक आदेशात संपण्याची तारीख असावी, कशाच्या आकड्यावर तो काढला ते लिहावं, आणि मागं घेतला की तितक्याच मोठ्या अक्षरात त्याच दुकानावर लावावं. पोलिओ तर आपण धान्य न अडवता घालवला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, हावड्यातला. आशाताई दारोदार फिरल्या, बोटाला शाई लावली, सुटलेल्या घरी परत गेल्या. पैसा आणि माणसं लागली, म्हणून तर ते नोव्हेंबरात कुणाला सुचलं नाही.

दुसरी चिठ्ठी आली. नुकसानभरपाईचा मुद्दा राहिला, तो प्रश्नोत्तरात घेऊ. आणि लशीत चिप असते का, हे कृपया कुणी विचारू नका. माझ्या चिपला या सभागृहात रेंज नाही.