फोटोत न दिसणारी लॅब : जॉन्स हॉपकिन्सच्या सर्जरी विभागाची सुरुवात

हा फोटो जरा नीट बघा. साल १९०४, अमेरिकेतलं बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचं नवंकोरं ऑपरेशनचं सभागृह. पेशंटवर वाकलेले ते विल्यम हालस्टेड, सर्जरीचे प्रोफेसर, आणि भोवती फिन्नी, कुशिंग, ब्लडगुड, यंग, म्हणजे त्यांच्याच हाताखालची माणसं, जी पुढे एकेक मोठी नावं झाली. या विभागाची गोष्ट सांगणारा प्रत्येकजण हाच फोटो आधी दाखवतो, आम्हीपण तेच केलं. पण ही माणसं घडली त्याचा बराचसा भाग या फोटोत नाहीये, तो मागच्या एका लॅबमध्ये आहे, कुत्र्यांच्या.

हा हॉस्पिटलचा घुमट. जॉन्स हॉपकिन्स नावाच्या व्यापाऱ्याने ७० लाख डॉलर मागे ठेवले, त्यातून युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटल उभं राहिलं, हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं. मेडिकल स्कूलला मात्र १८९३ उजाडलं कारण पैसे कमी पडले, शेवटी मेरी गॅरेट या बाईंनी मोठी रक्कम दिली पण अट घातली, मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश द्यायचा. अट मान्य झाली. (बाईंचं चित्र पडद्यावर आहे, बघून घ्या, त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ होईल.)

आता हालस्टेड. न्यूयॉर्कमधला धडाडीचा सर्जन, व्हिएन्नाला जाऊन बिलरोथ या नावाजलेल्या सर्जनचं काम बघून आलेला. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो ही बातमी आली आणि हा माणूस आणि त्याचे सहकारी स्वतःच्याच अंगात कोकेन टोचून नसा कशा बधिर होतात ते बघायला लागले, त्यातून भूल द्यायची एक नवी पद्धत मिळाली आणि व्यसनही लागलं. करिअर संपल्यातच जमा होतं. तेव्हा जुना मित्र विल्यम वेल्च त्यांना बाल्टिमोरला घेऊन आला, पण हॉस्पिटलमध्ये नाही, हॉस्पिटल अजून उघडायचंच होतं, तर स्वतःच्या पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये.

आणि इथेच खरी सुरुवात आहे असं आमचं मत. पेशंट नाहीत, प्रेक्षक नाहीत, घाई नाही. हालस्टेड कुत्र्यांची आतडी कापून परत शिवत बसले. तेव्हा आतडं शिवणं म्हणजे जुगार होता, टाका सुटला की आतली घाण पोटात आणि माणूस गेला. सोबत फ्रँकलिन मॉल नावाचा तरुण होता, तो आतड्याच्या थरांचाच अभ्यास करत होता. दोघांच्या कामातून कळलं की वरच्या पातळ थरात घातलेला टाका धरत नाही, आतल्या अस्तराच्या लगत एक चिवट थर असतो, सबम्युकोसा, सुईने त्याचा थोडा तरी भाग पकडला पाहिजे. हे हाताला कळावं लागतं, सुई त्या थराला लागली की किंचित अडते. १८८७ मध्ये हे छापून आलं. घाईघाईत दणादण ऑपरेशनं करणारा माणूस याच काळात सावकाश, रक्त न सांडता, ऊतींना न चेंगरता काम करणारा झाला. (व्यसन पूर्ण सुटलं नाही, कोकेनच्या जागी मॉर्फिन आलं, ते पुढेही चालू राहिलं.)

हॉस्पिटल उघडल्यावर त्यांनी शिकवायची पद्धत बसवली, जर्मन पद्धतीवर बेतलेली. खाली बरेच इंटर्न, वर थोडे असिस्टंट, सगळ्यात वर एकच रेसिडेंट, राहायचं हॉस्पिटलमध्येच, किती वर्षं ते ठरलेलं नाही. १९०४ च्या भाषणात त्यांनीच सांगितलं, साधारण सहा वर्षं असिस्टंट आणि दोन वर्षं हाऊस सर्जन, म्हणजे तोच सगळ्यात वरचा रेसिडेंट. ३३ वर्षांत असे रेसिडेंट झाले फक्त १७. बाकीचे मध्येच गळाले किंवा दुसरीकडे गेले. हीच पद्धत पुढे जगभर गेली, आज रात्रभर जागणारा कुठलाही रेसिडेंट याच घरातला म्हणायचा.

हे रबरी हातमोजे. नर्स कॅरोलाइन हॅम्पटनचे हात निर्जंतुक करायच्या औषधाने सोलवटायचे म्हणून हालस्टेडनी गुडइयर कंपनीकडून बनवून घेतले, पेशंटसाठी नव्हे, तिच्यासाठी. पुढे लग्नही झालं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे पुढे जाऊ.

कारण पुढची इमारत आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यांना ऑपरेशन शिकवायचं तर पूर्वी प्रेतावर शिकवायचे. पण प्रेताला रक्त येत नाही, ते भुलीतून अर्धवट जागं होत नाही, आणि टाका सुटला तरी दोन दिवसांनी पोट फुगून तुमच्याकडे परत येत नाही. हार्वे कुशिंगनी हा वर्ग कुत्र्यांवर घ्यायला घेतला आणि १९०५ मध्ये त्यासाठी हंटेरियन लॅब उभी राहिली, जॉन हंटर या जुन्या ब्रिटिश सर्जनचं नाव देऊन. विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडायच्या, एक सर्जन, एक मदतनीस, एक भुलीसाठी ईथर देणारा. हात धुण्यापासून सगळं माणसासारखंच, केसपेपर लिहायचा, नंतरची देखभाल त्यांचीच, आणि कुत्रा मेला तर शवविच्छेदन करून का मेला तेही शोधायचं. शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा, आपला टाका आपल्याच डोळ्यांनी उघडून बघायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणारे तेव्हाही होते. १९१२ मध्ये कुशिंग बॉस्टनला गेले, लॅब चालू राहिली.

१९४१. आल्फ्रेड ब्लेलॉक सर्जरीचे प्रमुख म्हणून आले आणि येताना व्हिव्हियन थॉमसना घेऊन आले. थॉमस काळे, सुतारकाम येणारे, मंदीत बँक बुडाली आणि कॉलेजसाठी साठवलेले पैसे गेले. ब्लेलॉकांच्या आधीच्या, नॅशव्हिलच्या लॅबमध्ये संशोधन करत होते तरी कागदावर सफाई कामगार. हॉपकिन्समध्ये पांढरा कोट घालून कॉरिडॉरमधून निघाले की लोक थांबून बघायचे. हेलन टॉसिग या डॉक्टरांकडे निळी पडणारी बाळं यायची, फुफ्फुसांकडे रक्तच पुरेसं जात नसायचं. तो आजार कुत्र्यात कसा उभा करायचा आणि हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला कशी जोडायची हे थॉमसनी याच हंटेरियन लॅबमध्ये बसवलं, ब्लेलॉकनी स्वतः फार कमी वेळा करून पाहिलं होतं. म्हणून २९ नोव्हेंबर १९४४ ला १५ महिन्यांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा थॉमस ब्लेलॉकांच्या मागे स्टुलावर उभे होते, खांद्यावरून बघून सांगत होते, टाका बरोबर चाललाय की उलटा. ती मुलगी काही महिन्यांनी गेली. नंतरची शेकडो बाळं जगली.

थॉमस पुढे सर्जरीच्या लॅबचे प्रमुख होते, तिथे हात बसवून गेलेल्या सर्जननी १९७१ मध्ये त्यांचं तैलचित्र करून दिलं, ते ब्लेलॉकांच्या नावाच्या इमारतीत आहे. आणि लॅबमध्ये या ऑपरेशननंतर बरीच वर्षं जगलेली एक कुत्री होती, नाव ॲना. हॉपकिन्सच्या भिंतीवर तिचंही चित्र लागलं, हे बघा, हे तिचं.