सोन्याची पानं, तारेचे देठ: ग्रीक पर्णमुकुट कसा घडतो

पडद्यावर दिसतोय तो व्हर्जिनाचा ओकच्या पानांचा मुकुट. उत्तर ग्रीसमधल्या या गावात 1977 च्या नोव्हेंबरमध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांनी एक न फुटलेली राजकबर उघडली. आत सोन्याची पेटी, पेटीत अस्थी आणि त्यांच्यासोबत हा मुकुट. अस्थी अलेक्झांडरच्या वडिलांच्या, दुसऱ्या फिलिपच्या, की अलेक्झांडरच्याच सावत्र भावाच्या, हा वाद अजून मिटलेला नाही. आज त्यात शिरत नाही.

आकडे बघा: 313 पानं, 68 ओकफळं, वजन 717 ग्रॅम. आजच्या हिशेबाने जवळपास 72 तोळे. पण नगावारी भागलं तर एकाला 1.88 ग्रॅम येतात, आणि त्यातही घेराच्या नळीचं सोनं धरलेलं आहे. हा दागिना जड दिसतो, प्रत्येक पान मात्र हलकं असतं.

‘मुकुट’ हा शब्द इथे थोडा फसवतो. ग्रीक ‘स्टेफानोस’ म्हणजे मुळात झाडाच्या डहाळीचा वेढा. प्रत्येक झाड एका ग्रीक देवतेचं: ओक झ्यूसचा, मर्टल अफ्रोडायटीचं, लॉरेल अपोलोचं, ऑलिव्ह अथीनाचं; सोनाराने ती डहाळीच सोन्यात उतरवायची.

घडणीची सुरुवात पत्र्यापासून. सोनं ठोकून पातळ पत्रा करायचा, छिन्नीने पान कापायचं, मग मऊ आधारावर पालथं ठेवून बोथट टोकाने मधली शीर आणि उपशिरा दाबायच्या. या शिरा केवळ नक्षीसाठी नाहीत. सपाट पातळ पान वाऱ्यानेही वाकेल. शीर उठली की त्याला कणा येतो. दाब जास्त झाला की पत्रा शिरेवरच फाटतो. ठोकताना सोनं कडक होत जातं, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. तो वेळ वाचवायला गेलं की कडेला चिरा पडतात.

देठ तारेचा. आणि ग्रीक सोनाराकडे जंत्री नव्हती! आपला सोनार जंत्रीच्या भोकांतून तार ओढतो. तिथे पत्र्याची अरुंद पट्टी कापून तिला पीळ द्यायचे आणि दोन सपाट फळ्यांमध्ये घोळवून गोल करायची. अशा तारेवर भिंगाखाली मळसूत्रासारखी तिरकी रेघ दिसते. ओढलेल्या तारेवर लांबीला समांतर सरळ ओरखडे दिसतात. ‘प्राचीन’ म्हणून विकायला आलेल्या दागिन्यावर सरळ ओरखडे दिसले, तर तो नकली किंवा नंतर दुरुस्त केलेला असल्याचा संशय घ्यावा.

खरी परीक्षा जोडणीची, त्यातही रवाकामाची, म्हणजे सोन्याचे बारीक दाणे पत्र्यावर बसवण्याची. रवा करायला सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत थर देऊन मुशीत तापवायचे. 1064 अंशांना सोनं वितळतं, प्रत्येक तुकडा आपोआप गोळा होतो, भुकटीमुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. गार झाल्यावर धुऊन आकारानुसार वेगळे करायचे. चिकटवायला नेहमीचा डाक, म्हणजे जोडाचा धातू, घेतला तर तो वितळून रव्यांमधल्या फटी भरतो, आणि दाणे दिसण्याऐवजी एकच ओबडधोबड पट्टी उरते. त्यावरचा उपाय तांब्याच्या क्षाराचा. मॅलाकाइटची पूड सेंद्रिय गोंदात कालवून रवे तिच्याने बसवायचे. आच लागली की गोंदाचा कोळसा होतो, तो क्षारातून तांबं मोकळं करतो, आणि रवा जिथे टेकला आहे तेवढ्याच जागी सोनं-तांब्याचा मिश्रधातू 900 अंशांच्या आसपास वितळतो. म्हणजे जोड आणि नाश यांत दीडेकशे अंशांचं अंतर. पातळ कड जाड भागाआधी तापते, त्यामुळे घात बहुधा कडेला होतो. तापमापक नव्हता; सोन्याचा रंग आणि जोडाजवळ क्षणभर उमटणारी चकाकी बघून फुंकर थांबवायची.

मग पानं घेराला जोडायची. घेर म्हणजे पत्रा गुंडाळून केलेली पोकळ नळी, कधी आत लाकूड वगैरेचा गाभा. देठ नळीच्या छिद्रात खोचायचा किंवा तारेने गुंडाळायचा. घट्ट डाकवलं तर पानं हलत नाहीत, आणि ती हलायलाच हवीत. सैल ठेवलं तर गळतात. मंदिरात वाहिलेल्या मुकुटांच्या याद्या अथेन्समध्ये दगडावर कोरलेल्या आहेत, वजनं द्राख्मा या ग्रीक मापात. अशा याद्यांत सुट्या सोन्याच्या पानांच्याही नोंदी येतात. खजिनदारांचा हिशेब चोख होता, एवढं खरं.

कबरीत मिळणारे सगळेच मुकुट आयुष्यात वापरलेले नव्हते. पत्रा कागदासारखा, शिरा नुसत्या ओरबाडल्यासारख्या, मागे बांधायची सोय नाही, असं असेल तर तो बहुधा दफनापुरता केलेला.

कबरीत गाभ्याचं लाकूड कुजतं आणि पानं विखुरतात. म्हणजे संग्रहालयात दिसणारी रचना काही अंशी संवर्धकाची असते. ब्रिटिश म्युझियममधला, तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीजवळचा म्हणून ओळखला जाणारा ओक-मुकुट पाहा. दोन फांद्या, एक मधमाशी, दोन सिकाडा कीटक. फांद्या समोर एका खिळीने जुळतात आणि मधमाशी ती खिळ झाकते, हे प्राचीन सोनाराचं डोकं. पण नळीच्या आतला तांब्याचा गाभा आधुनिक आहे. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने 1993 साली विकत घेतलेला असाच एक मुकुट 2007 मध्ये ग्रीसला परत केला. तो चोरट्या उत्खननातून आलेला, त्यामुळे कवटीवर होता की बाजूला, सोबत काय होतं, आत गाभा कसला होता, यातलं काहीही नोंदलेलं नाही.