जपानी शाळेच्या भेटीवर जाण्याआधी

मंडळी, जपानी शाळेला भेट द्यायची ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी लेझीम बसवायला घेतात. जरूर बसवा. पण तिथल्या मुलांशी आपली मुलं खरी मिसळतात ती जेवताना आणि साफसफाई करताना, आणि नेमकी तिथलीच तयारी कच्ची राहते.

बुटांचं थोडक्यात सांगतो. दारातच बूट काढून कप्प्यात ठेवायचे आणि आत ‘उवाबाकी’, म्हणजे फक्त शाळेच्या आत वापरायचे बूट, घालायचे. पाहुण्यांना सपाता मिळतात, पण जिना चढताना त्या पायातून निसटतात. रस्त्यावर न वापरलेले हलके कॅनव्हासचे बूट सोबत असलेले बरे.

आता जेवण. प्राथमिक आणि बहुतेक कनिष्ठ माध्यमिक शाळांत ‘क्यूशोकू’ म्हणजे शाळेचं जेवण असतं. वाढायची पाळी असलेली मुलं पांढरा अंगरखा, टोपी, मास्क घालून भात-सूप वाढतात. सोबत बहुधा 200 मिलीलीटर दूध. सगळ्यांची ताटं लागून ‘इतादाकिमास’ (जेवणाआधी म्हणायचे कृतज्ञतेचे शब्द) म्हणेपर्यंत घास उचलायचा नाही.

‘आमची मुलं शाकाहारी आहेत’ एवढं कळवून भागत नाही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेल्या सूपमध्ये वर फक्त टोफू दिसतो, पण खालचं पाणी, म्हणजे ‘दाशी’, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचं असतं. करीच्या तयार वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते, जेलीत जिलेटिन. म्हणून जपानीत तक्ता करा: मांस, मासे, माशांचा दाशी, अंडी, चरबी, जिलेटिन. प्रत्येक मुलाच्या नावासमोर ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’. जैन मुलांसाठी कांदा, लसूण, बटाटा वेगळे लिहा. नुसतं ‘जैन’ लिहून तिथे कुणाला काही कळणार नाही. क्यूशोकूचा बेत महिन्याभराचा आधीच ठरतो आणि स्वयंपाक शेकड्यांनी होतो. आयत्या वेळी काहीच बदलता येत नाही, तेव्हा तक्ता निदान दोन महिने आधी पोचवा. मुक्कामाच्या घरांनाही तोच पाठवा.

सोबत कोरडा, सीलबंद खाऊ न्या. आंबा मात्र नको. ताजी फळं विमानतळावरच अडतात. आणि चिक्की किंवा शेंगदाणे घातलेला चिवडा वर्गात आपल्या मनाने वाटू नका. ॲलर्जीच्या भीतीने तिथे शेंगदाण्याचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा आहे, आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय मुलं परका खाऊ तोंडात घालत नाहीत. आपल्याला तो तुसडेपणा वाटतो; तो नियम आहे.

बऱ्याच शाळांत जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं ‘सोजी’, म्हणजे सफाई. बाकं एका बाजूला सरकवायची, केर काढायचा, मग ओल्या फडक्याने फरशी पुसायची. फडकं पिळताना ते उभं धरतात, एक मूठ वर, एक खाली, आणि मनगटं आत वळवतात. आडवं धरून अर्धवट पिळलं तर लाकडी फरशीवर पाणी राहतं आणि मागचा घसरतो. घरी बादली घेऊन चार दिवस सराव करवून घ्या. पाहुणे म्हणून मुलांना बाजूला बसवू लागले, तर आपल्या शिक्षकांनीच आधी फडकं मागून घ्यावं.