पंचगंगेची पातळी आणि वेळेवरचा निर्णय

(दृश्य: कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा, भर पावसाळ्यातील पंचगंगा.)

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत मोजली जाते आणि जुलै उजाडला की हा आकडा कोल्हापुरात घरोघरी विचारला जातो. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले, पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला आणि दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तीच वेळ आली. या आकड्यावर प्रशासन हालते, लोक घरे सोडतात, गोठ्यातली जनावरे उंचावर नेली जातात. मात्र बंधाऱ्यावरचा आकडा आलेल्या पाण्याविषयी सांगतो. धरणात किती पाणी ठेवायचे, घरे कुठे बांधू द्यायची, रस्त्याचा भराव किती उंच करायचा, हे ठरवणाऱ्याला उद्याच्या, पुढच्या आठवड्याच्या आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या पाण्याचा अंदाज लागतो. तो काढण्याचे शास्त्र आपल्याकडे आहे; तो निर्णयाच्या आधी पोहोचतो का, हा कोल्हापूरचा खरा प्रश्न आहे.

(दृश्य: गगनबावड्याचा घाटमाथा, त्यानंतर शिरोळचे सपाट ऊसक्षेत्र.)

या जिल्ह्याचा भूगोल समजून घेतल्याशिवाय त्याचा पूर समजत नाही. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या नद्या घाटाकडचे पाणी घेऊन येतात; लोकपरंपरा त्यांत गुप्त सरस्वतीची भर घालते आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे या एकत्र प्रवाहाची पंचगंगा होते. तिथून कृष्णेशी संगम होतो त्या नृसिंहवाडीपर्यंतचा प्रदेश इतका सपाट आहे की पाण्याला वाहून जाण्याची घाई नसते. त्यातच कृष्णा फुगलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी तिच्यात उतरू शकत नाही आणि फुगवटा मागे सरकत येतो. म्हणूनच कोल्हापुरात ऊन पडलेले असताना शिरोळमध्ये पाणी वाढत राहते. केवळ शहरातला पाऊस मोजून इथे काहीच हाती लागत नाही. घाटातील पर्जन्यमापक, धरणांतून सुटणारे पाणी, वारणा आणि कृष्णेची पातळी आणि खाली कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा साठा, हे सारे एकाच गणितात मांडावे लागते. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पातळीची माहिती स्वयंचलित केंद्रांकडून लगोलग गोळा करणारी यंत्रणा त्यासाठीच उभारण्यात आली. ढगांनी आकाश झाकलेले असतानाही रडार उपग्रह जमिनीवरचे पाणी टिपू शकतात आणि पुराचा विस्तार दाखवणारे नकाशे त्यावरून तयार करता येतात.

(दृश्य: राधानगरी धरण, सुरू असलेला विसर्ग.)

माहिती आणि निर्णय यांच्यातील अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते राधानगरीत. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, दुष्काळाची आठवण ताजी असताना, या धरणाचे काम हाती घेतले. त्या काळी इतका दूरचा विचार करणारा राज्यकर्ता विरळाच. धरणाची क्षमता 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण पूर्ण भरले की पाण्याच्या दाबाने ते एकेक करून आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी भोगावतीत सुटते. वीज नसली, माणूस पोहोचू शकला नाही, तरीही धरण सुरक्षित राहते, हे या रचनेचे मोठेपण आहे. पण तिची मर्यादाही त्यातच आहे: धरण भरल्याशिवाय हे दरवाजे उघडत नाहीत. पुढच्या चार दिवसांत अतिवृष्टी होणार, असा अंदाज हाती असला तरी त्या दरवाजांतून आधी पाणी सोडून जागा करता येत नाही.

इथे विज्ञान एकट्याने उत्तर देऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. धरण आधी रिकामे केले आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा आणि उसाच्या पाळ्यांचा प्रश्न उभा राहतो. भरून ठेवले आणि ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर कोल्हापुरातल्या नदीकाठच्या सुतारवाड्यातील कुटुंबांना पुन्हा चित्रदुर्ग मठात आसऱ्याला जावे लागते. हवामानाचा अंदाज शक्यता सांगतो, हमी देत नाही. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, हे जलाशय परिचालन आराखड्यात लिहिलेले असते. तो आराखडा बदलत्या पावसाप्रमाणे दरवर्षी तपासावा आणि त्यात स्वीकारलेली जोखीम लोकांना आधीच सांगावी, अशी आमची ठाम धारणा आहे. जोखीम कोणी घ्यायची हा निर्णय बंद दाराआड झाला, तर तिची किंमत नेहमी नदीकाठचा माणूस मोजतो.

(दृश्य: पूररेषेचा नकाशा, त्याच जागेवरची नवी बांधकामे.)

दुसरा निर्णय जमिनीचा आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची सीमा म्हणजे निळी पूररेषा आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची सीमा म्हणजे लाल पूररेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. ‘25 वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र मोठा गैरसमज करून देतात. 2021 चा पूर येऊन गेला, आता वीस-बावीस वर्षे चिंता नाही, असे बोलणारे भेटतात. या संज्ञेचा अर्थ इतकाच, की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते. निळ्या रेषेलगत घर घेऊन वीस वर्षांचे गृहकर्ज काढणाऱ्या कुटुंबाने हे गणित मांडले, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी उंबऱ्याशी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक निघते. घर विकणाऱ्याने हे सांगायला हवे आणि परवानगी देणाऱ्याने ते कागदावर लिहायला हवे. शिवाय ही रेषा जुन्या नोंदींवरून काढलेली असते. 2005, 2019 आणि 2021 अशी मोठ्या पुरांची वर्षे जवळ येऊ लागली, की रेषा नव्याने आखणे भाग पडते. 2019 च्या महापुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनेही नदीपात्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले होते.

लोकांकडे स्वतःची मोजमापे आहेत आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पाणी पंचगंगा घाटाजवळच्या जामदार क्लबपर्यंत आले म्हटले की शहरातल्या जाणत्या माणसाला पुढे काय होणार हे कळते. शासनाने नेमका हाच दुवा पक्का करावा: बंधाऱ्यावर 45 फूट पाणी असेल तेव्हा कोणत्या गल्लीत किती पाणी असेल, 50 फुटांना कोणता रस्ता बंद होईल, हे दाखवणारे नकाशे प्रत्येक प्रभागात आणि ग्रामपंचायतीत मे महिन्यातच लावलेले असावेत. जमिनीच्या उंचसखलपणाची अचूक मोजणी ड्रोनने आणि लेसर किरणांनी करता येते.

(दृश्य: तेरवाड बंधारा, उन्हाळ्यातील पंचगंगा.)

पूर ओसरल्यावर पंचगंगेचा दुसरा प्रश्न वर येतो. कोल्हापूर आणि इचलकरंजीचे सांडपाणी नदीत मिसळत राहते आणि उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगू लागतात. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम असावा, असे मानक सांगते. मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात तेव्हा प्राणवायू त्याच्या कितीतरी खाली गेलेला असतो. नमुने त्यानंतर घेतले जातात. प्राणवायू अखंड मोजणारे संवेदक आज उपलब्ध आहेत. ते नाल्यांच्या मुखाशी आणि बंधाऱ्यांवर बसवून त्यांचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबरच खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींनाही थेट मिळाले, तर पाणी उचलणाऱ्या गावाला उपसा कधी थांबवायचा हे मासे मरण्याआधी कळेल आणि सांडपाणी कोणत्या नाल्यातून, कोणत्या रात्री सोडले गेले, याची नोंदही त्याच्या हाती राहील.