अंधारातला चेहरा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय भयपटातल्या गडद त्वचेच्या पात्रांविषयी: ती लिहायची कशी आणि त्यांच्यावर उजेड कसा टाकायचा.

आपल्याकडच्या भुतांना जात असते, धर्मही असतो. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. ब्राह्मणाचं भूत ब्रह्मसमंध. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. आणि कोकणातला खवीस हा मुसलमानाचा, काही ठिकाणी तर आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्याचा. भयपटाची संहिता लिहायला बसण्याआधीच ही वाटणी झालेली असते. म्हणून खवीस पडद्यावर आणायचा तर त्याला नाव द्या, कामधंदा द्या, तो कशानं मेला ते सांगा. एवढं केलं नाही, तर प्रेक्षकाच्या मनात भीती बसते ती काळ्या रंगाची.

१९९२ सालचा ‘कँडीमॅन’ हा इंग्रजी भयपट यासाठी जरूर बघा. लेखक क्लाइव्ह बार्करची मूळ कथा लिव्हरपूलची. दिग्दर्शक बर्नार्ड रोझ यांनी ती शिकागोत, कॅब्रिनी-ग्रीन या कृष्णवर्णीयांच्या सरकारी वसाहतीत नेली. टोनी टॉड यांनी रंगवलेलं भूत हा गुलामाचा मुलगा, चित्रकार. गोऱ्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावानं त्याचा हात कापला, अंगाला मध फासून मधमाश्यांच्या तोंडी दिलं. हे कळल्यावर त्याच्याकडे बघायची नजरच बदलते. पण कॅमेरा चालतो एका गोऱ्या संशोधक बाईच्या मागे, आणि वस्तीतली माणसं तिच्या वाटेवर भेटतील तेवढीच दिसतात. ही उणीव मोठी आहे. २०२१ च्या नव्या ‘कँडीमॅन’मध्ये दिग्दर्शिका निया डकोस्टा यांनी ती भरून काढली. त्यांचा नायक कृष्णवर्णीय चित्रकार आहे, आणि जुने अत्याचार त्यांनी सावल्यांच्या कागदी बाहुल्यांनी दाखवले. छळ कळतो, पण त्याचा तमाशा होत नाही.

संहिता जमली तरी काम बिघडतं ते दिव्यांपाशी. रंग तपासायच्या प्रमाणित तक्त्यावर उजळ त्वचेचा चौकोन सुमारे ३६ टक्के प्रकाश परत पाठवतो, गडद त्वचेचा सुमारे १० टक्के. जवळजवळ दोन स्टॉपचा फरक! (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.) आता समजा, वाड्याचं माजघर आहे, रात्र आहे, एक कंदील आणि दोन नट, एक गोरा, एक गडद. गोऱ्या नटाच्या चेहऱ्यावरून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवलं की दुसऱ्याचे डोळे आणि दात तेवढे उरतात. मग घाईघाईनं त्याच्या तोंडावर समोरून दिवा मारला जातो. कपाळ चकाकतं, गाल सपाट होतात, मागची भिंत उजळते आणि रात्रच निघून जाते.

गडद त्वचा आरशासारखी वागते, तिला प्रतिबिंब धरायला मोठा, मऊ पृष्ठभाग लागतो. चार बाय चार फुटांचा पांढरा थर्माकोल नटाच्या बाजूला, चौकटीच्या अगदी कडेबाहेर उभा करा आणि दिव्याचा उजेड त्यावर आपटवा. गोऱ्या नटाच्या बाजूनं नेट, म्हणजे उजेड कमी करणारी जाळी, लावा, किंवा त्याला कंदिलापासून हातभर मागे बसवा. मागच्या भिंतीवर थोडा उजेड सांडू द्या, म्हणजे केसांची आणि खांद्याची कड सुटून दिसेल.

मेकअपला आधीच सांगून ठेवा, फिकट पावडर नको. गडद चेहऱ्यावर ती राखेसारखी बसते. त्यावर निळं चांदणं पडलं की जिवंत माणूसच भूत वाटतो, आणि खरं भूत येतं तेव्हा फरकच कळत नाही. पावडरीऐवजी गालाच्या हाडावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. चांदण्याचा निळा निम्म्यावर आणा, कंदिलाच्या बाजूच्या दिव्याला उबदार जिलेटीन, म्हणजे पिवळसर रंगाचा पारदर्शक कागद, लावा.

टेकच्या आधी मॉनिटरवर फक्त डोळे बघा. बुबुळात उजेडाचा ठिपका नसेल तर थर्माकोल अर्धा फूट पुढे सरकवा आणि पुन्हा बघा.