‘करून राहिले’ आणि क्षयाचे जंतू

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

ओळख करून देताना कार्यवाहांनी मला ‘डॉक्टर आणि संगणकतज्ज्ञ’ म्हटलं. इंदूरची माझी आत्या इतकी सभ्य नव्हती. ‘कॉम्प्युटरच करायचा होता तर मेडिकलची सीट कशाला अडवलीस?’ असं तिनं रामबागेतल्या आमच्या घरी चार पाहुण्यांसमोर विचारलं होतं. सीट सरकारी होती, म्हणजे प्रश्न रास्तच होता. तेव्हा मी विषय बदलला. आज तुम्ही तावडीत सापडला आहात, तर उत्तर देऊन टाकते.

मी इंदूरची. म्हणजे आम्ही ‘काय करतेस?’ असं नाही विचारत, ‘काय करून राहिलीस?’ असं विचारतो. सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले की मामेबहिणी मला मुद्दाम बोलतं करायच्या आणि खो-खो हसायच्या. ‘तुझं मराठी चुकतं गं.’ आता होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं असंच बोलत आली आहेत, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. चुकतं म्हणजे कुणाच्या मानानं? हे तेव्हा सुचलं नाही, सुचायला वीस वर्षं लागली. आणि सुचलं ते क्षयाच्या जंतूंमुळे.

आमच्या घरात क्षय म्हटलं की कुमारजी. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते कोरड्या हवेसाठी. फुप्फुस गेलेलं, गाणं बंद. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि ते पुन्हा गायला लागले. आजी सगळं श्रेय माळव्याच्या हवेला द्यायची, मी औषधाला देते. तो वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही. पण ते औषध १९४३ साली सापडलं आणि काही वर्षांतच दिसून आलं, की एकट्यानं दिलं तर जंतू त्याला सरावतात. म्हणून आज तीन-चार औषधं एकत्र देतात आणि सहा महिने देतात. माझं सगळं काम या ‘सरावण्या’वर आहे.

इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकले, तिथल्याच एमवाय रुग्णालयात पेशंट तपासायला शिकले. इंटर्नशिपच्या सुमारास एक मजूर पाहिला. औषधं दुसऱ्यांदा सुरू झालेली, तरी थुंकीत जंतू दिसतच होते. औषध लागू पडतंय की नाही हे पाहायचं तर तेव्हा एकच वाट होती: जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर औषध टाकून बघायचं. आतड्यातला ई. कोलाय सोयीची हवा मिळाली तर २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला २० तास लागतात. त्याला घाई नाही, घाई पेशंटला असते. दोनेक महिन्यांनी उत्तर आलं तेव्हा तो माणूस मजुरीसाठी कुठल्या तरी दुसऱ्या गावी निघून गेला होता. केसपेपरवर पत्त्याच्या जागी नुसतं तालुक्याचं नाव होतं.

त्याआधीच, जून १९९८ मध्ये, क्षयजंतूचा सबंध जनुकसंच ‘नेचर’मध्ये छापून आला होता. सुमारे ४४ लाख अक्षरं (डीएनएचे एकेक घटक म्हणजे ही अक्षरं), चार हजारांच्या आसपास जनुकं. मला तो लेख दोन-तीन वर्षांनी मिळाला आणि त्यातलं काडीचंही कळलं नाही. एवढंच वाटलं, की जंतू वाढायची वाट कशाला बघायची, त्याला वाचून का घेऊ नये?

त्या ‘वाचून घेऊ’पायी माझी तिशी गेली. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, मग इथं येऊन पीएचडी पाच. एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून पायथन ही संगणकाची भाषा शिकले. ती पोरं फार चांगली होती, मला ‘मॅम’ म्हणायची आणि माझे कंस बंद करून द्यायची. वर्गमित्रांची तोवर इंदूरला नर्सिंग होम उभी राहिली होती. हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही.

आता माझी चूक सांगते. शेकडो नमुन्यांचे जनुकसंच घेऊन मी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रमाण जंतूशी ताडून बघायचं, आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंत कुठली अक्षरं वेगळी आहेत ते काढायचं. आयसोनायाझिड या औषधासाठी त्यानं ‘कॅट-जी’ जनुकातली ४६३ वी जागा दाखवली. मी हरखले. दोन दिवस हवेत होते. मग सवयीनं, डॉक्टरच्या सवयीनं, केसपेपर काढून बसले. तर हा बदल असलेले कितीतरी पेशंट त्याच औषधावर ठणठणीत बरे झालेले! हा बदल म्हणजे त्या जंतूंची कुळाची खूण होती. भारतात जे जंतू सर्रास आढळतात त्या घराण्यांत तो असतोच. खरा घातक बदल त्याच जनुकात ३१५ व्या जागी असतो. हे जाणकारांना आधीच ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

मग मी विचारलं, हा ‘प्रमाण जंतू’ आहे तरी कोण? तर १९०५ साली अमेरिकेत सॅरनॅक लेकच्या सॅनिटोरियममधल्या एका पेशंटकडून मिळालेल्या जंतूचा वंशज. नाव एच-३७-आरव्ही. प्रयोगशाळेत चांगला वाढतो म्हणून सगळे त्याच्याशीच ताडून बघू लागले. म्हणजे इंदूरचे पोहे प्रमाण धरायचे, वाफेवर ठेवलेले, बडीशेपेचे, वर शेव नि जिरावण मसाला, आणि मग पुण्याच्या खोबरं घातलेल्या पोह्यांना ‘बिघाड झालाय’ म्हणायचं. (इंदूरकर एरवी असंच म्हणतात, ते सोडा.)

दुसरं एक जनुक आहे, ‘जायर-ए’. त्याच्या ९४ व्या जागी बदल झाला की फ्लोरोक्विनोलोन गटाची औषधं लागू पडेनाशी होतात. शेजारच्या ९५ व्या जागी मात्र जगातले बहुतेक क्षयजंतू एकसारखे आणि तो प्रमाणवालाच वेगळा! यंत्राला दोन्ही ठिकाणी नुसता फरक दिसतो. ९५ चा फरक बिघाड समजून चालले, तर पेशंटच्या हातून चांगलं औषध निष्कारण जातं. माझ्या शिकाऊपणाच्या काळात त्याऐवजी जी इंजेक्शनं हाती होती, त्यांनी काहींचे कान कायमचे जायचे.

फरक कुठला आणि दुखणं कुठलं, हे ठरवायला पेशंट लागतो. तो बरा झाला का, ताप उतरला का, दोन महिन्यांनी थुंकी तपासली का, आणि हे कुणी नीट लिहून ठेवलं का. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली अशा बदलांची पहिली यादी काढली, ती ३८ हजारांहून जास्त नमुन्यांवरून. त्यातही पुष्कळ बदलांपुढे ‘अनिश्चित’ असाच शेरा आहे. ती यादी मी रोज उघडते आणि त्या ‘अनिश्चित’वाल्यांवर माझं पोट चालतं. चार दिवस संगणक, मंगळवारी ओपीडी. मंगळवार सोडा, संशोधन दुप्पट होईल, असं मला दोनदा सुचवून झालंय. मी सोडलेला नाही.

रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधापुरतं तरी वाचून घेणं आता साधलं आहे. ‘आरपीओ-बी’ जनुकातला जेमतेम ८१ अक्षरांचा तुकडा तपासायचा, दोनेक तासांत उत्तर. या तपासणीला २०१० साली जागतिक मान्यता मिळाली. तो तालुक्याच्या नावाचा माणूस मला तेव्हा आठवला होता.

चहाच्या वेळी एका आईनं विचारलं, मुलाला दोन्हीची आवड आहे, आधी कोडिंग की आधी मेडिकल? माझं मत, आधी मेडिकल. कोडिंग तिशीत येतं, मी पुरावा आहे. रात्री दोनला वॉर्डात उभं राहण्याची उमेद तिशीत नव्यानं येत नाही. मुलानं मात्र तोंड वाकडं केलं, तेही लक्षात घ्या.

आत्या आता थकली आहे. फोन केला की अजून तेच विचारते, ‘सध्या काय करून राहिलीस?’ जिरावणची दोन पाकिटं तिनंच पाठवली आहेत, ती स्वयंपाकघरात समितीच्या ताब्यात दिलीयेत. पोह्यांवर घालून बघा. पुणेकरांनीसुद्धा.